पिंपरीच्या मातीचं नाव जगाच्या विज्ञानात नेणारा माणूस : डॉ. तिरुमलाचार

पिंपरी : पिंपरी-चिंचवड म्हटलं की डोळ्यांपुढे गाड्यांचे कारखाने येतात. चाकण म्हटलं की कंटेनरच्या रांगा. पण या पट्ट्यात पहिली स्कूटर आणि पहिला ट्रक बनायच्या आधी औषध बनत होतं, आणि त्या औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत एक माणूस माती तपासत बसायचा. डॉ. मंडयम जीरसन्निधी तिरुमलाचार हे त्यांचं नाव. माणसाला आणि पिकाला जडणाऱ्या बुरशीवर या मातीतूनच त्यांनी औषधं शोधून काढली. सूक्ष्मजीवांच्या शास्त्रीय यादीत आज 'पिंप्रिना' आणि 'पूनेन्सिस' अशी नावं सापडतात, ती त्यांच्यामुळे. विज्ञानाच्या जगात ते मोठं नाव आहे, पण ज्या गावात त्यांनी आयुष्यातली सगळ्यात कामाची वीसेक वर्षं घालवली, तिथे ते फारसं कुणाच्या तोंडी नाही.

तांबेरा, काणी आणि बटाटा

तिरुमलाचार यांचा जन्म २२ सप्टेंबर १९१४ चा, म्हैसूरचा. शिक्षण वनस्पतिशास्त्राचं आणि ओढा बुरशीकडे. सुरुवातीची त्यांची बुरशी माणसाच्या अंगावरची नव्हती, शेतातली होती. गव्हावरचा तांबेरा, ज्वारीच्या कणसातली काणी शेतकऱ्याला चांगलीच ठाऊक असते. हे दोन्ही रोग बुरशीचे. अशा शेकडो जातींच्या बुरशा देशभरातून गोळा करायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, कोणती कोणत्या कुळातली ते ठरवायचं, हे त्यांचं काम. म्हैसूर विद्यापीठाची डीएससी आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाची पीएचडी अशा दोन पदव्या त्यांच्याकडे होत्या.

त्या काळातले नामवंत बुरशीतज्ज्ञ बी. बी. मुंडकूर यांच्याबरोबर त्यांनी भारतातल्या काणी रोगाच्या बुरशींवर ग्रंथ लिहिला. तो १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. काणीच्या एका बुरशी-कुळाला 'मुंडकुरेला' असं नाव आहे, त्यामागेही तिरुमलाचारच.

पुढे ते पाटण्याला गेले. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था तेव्हा तिथे होती, सिमल्याला नंतर हलली. बिहारच्या बटाट्याला लागणाऱ्या कोळशी कुजीवर त्यांनी काम केलं. जमीन तापली की ही बुरशी बळावते आणि जमिनीतला बटाटा आतून काळा पडतो. खेड-आंबेगावातला बटाटेवाला शेतकरी हे वाचून मान डोलावेल. लागवड, पाणी आणि काढणीची वेळ यांचा रोगाशी काय संबंध आहे, हे त्यांनी शेतात जाऊन तपासलं. बुरशी कोणत्या जमिनीत, कोणत्या उन्हात, कशाच्या जोरावर वाढते हे आधी बघायचं, औषधाचं नंतर. ही सवय त्यांना पुढे आयुष्यभर पुरली.

पेनिसिलिनचा कारखाना

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात पेनिसिलिन बाहेरून यायचं आणि महाग असायचं. न्यूमोनिया, चिघळलेली जखम, बाळंतपणातला ताप या साध्या वाटणाऱ्या कारणांनी माणसं दगावत. केंद्र सरकारनं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं स्वतःचा कारखाना काढायचं ठरवलं. जागा निवडली पुण्याजवळची पिंपरी. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ च्या ऑगस्टमध्ये उत्पादन सुरू झालं. औषध बनवणारी ही देशातली पहिली सरकारी कंपनी. पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्याची सुरुवातही तिथूनच धरली जाते. एमआयडीसी १९६२ ची, नगरपालिका १९७० ची आणि महापालिका १९८२ ची. म्हणजे शहराच्या आधी कारखाना होता.

या कारखान्यात तिरुमलाचार आले आणि पुढे संशोधन विभागाचे प्रमुख झाले. वनस्पतींच्या रोगांचा माणूस औषधाच्या कारखान्यात काय करणार, असं कुणालाही वाटेल. पण पेनिसिलिन हे मुळात एका बुरशीनंच तयार केलेलं रसायन. मोठमोठ्या टाक्यांत ती बुरशी वाढवायची, तिला खायला घालायचं, हवा द्यायची, भलता जंतू आत शिरू द्यायचा नाही आणि तिच्याकडून जास्तीत जास्त औषध काढून घ्यायचं, असा तो सगळा व्यवहार. एका अर्थानं शेतीच, फक्त पोलादी टाकीतली. बुरशीची नाडी ओळखणारा माणूस तिथे हवाच होता.

चेन यांचं नाव

पिंपरीत आल्यावर त्यांनी लगेच मातीकडे मोर्चा वळवला. १९५५ मध्येच 'नेचर' या ख्यातनाम नियतकालिकात त्यांचा एक लेख आला. मातीत राहणाऱ्या जंतूंचं एक नवं कुळ त्यांनी त्यात मांडलं होतं. हे जंतू तसे जिवाणू, पण बुरशीसारखे धाग्याधाग्यांनी वाढणारे आणि बुरशीसारख्याच घट्ट गाठी धरणारे. कुळाचं नाव ठेवलं 'चेनिया'. पेनिसिलिनला औषधाचं रूप देण्यासाठी फ्लेमिंग आणि फ्लोरी यांच्याबरोबर १९४५ चं नोबेल मिळवणारे अर्न्स्ट चेन यांच्या सन्मानार्थ ते होतं. पुढे याच कुळातल्या एका जातीला त्यांनी 'चेनिया पूनेन्सिस' म्हटलं, म्हणजे पुण्याची चेनिया. शास्त्रज्ञांनी नंतर हे कुळ 'स्ट्रेप्टोमायसिस' या मोठ्या कुळात सामावून घेतलं. विज्ञानात असं होत असतं. पण 'पूनेन्सिस' हे जातीचं नाव टिकून राहिलं.

हे स्ट्रेप्टोमायसिस आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत, फक्त नावानं नाही. वळवाच्या पहिल्या सरीनंतर मातीचा जो वास सुटतो, त्यात मोठा वाटा याच जंतूंचा. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन यांच्यातूनच निघालं. साठच्या दशकात पिंपरीतही त्याचं उत्पादन होऊ लागलं.

औषधामुळे वाढलेला प्रश्न

इथे एक गोम होती. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन जिवाणू मारतात, बुरशीला हात लावत नाहीत. उलट शरीरातले उपयोगी जिवाणूही मेले की बुरशीला रान मोकळं मिळतं. फार दिवस अँटिबायोटिक घेतलेल्या माणसाच्या किंवा तान्ह्या बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे उठतात. तो कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा प्रताप. म्हणजे जिवाणूंवरची औषधं जितकी जास्त खपणार, तितका बुरशीचा त्रास वाढणार. टनावारी अँटिबायोटिक बनवणाऱ्या कारखान्याला हे नजरेआड करून चालणार नव्हतं.

आणि बुरशीवर औषध शोधणं जिवाणूपेक्षा अवघड. जिवाणूची पेशी आपल्या पेशीपेक्षा फार वेगळी असते, त्यामुळे नेम धरायला जागा मिळते. बुरशीची पेशी मात्र बरीचशी आपल्या पेशीसारखी. बुरशी मारायला गेलं की माणसालाही इजा व्हायची भीती. अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन या दोघींनी १९५० च्या सुमारास मातीतल्या जंतूपासूनच निस्टॅटिन काढलं. न्यूयॉर्क राज्यावरून त्याचं नाव पडलं. पाठोपाठ व्हेनेझुएलाच्या मातीतून अँफोटेरिसिन आलं. पण भारतातल्या रुग्णाला परवडेल असं आपलं औषध नव्हतं.

हॅमायसिन

तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीचे नमुने आणायचे. चिमूटभर माती पाण्यात कालवायची, ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करायचं आणि काचेच्या बशीतल्या खाद्यावर पसरायचं. काही दिवसांनी त्यावर ठिपक्याठिपक्यांनी वसाहती उगवतात. एकेक ठिपका उचलून वेगळा वाढवायचा आणि त्याच्याशेजारी रोगाची बुरशी सोडायची. बुरशी ठिपक्यापर्यंत येऊन भिडली तर तो निरुपयोगी. अलीकडेच थबकली आणि मध्ये मोकळं वर्तुळ राहिलं, तर त्यात काहीतरी आहे. असे असंख्य ठिपके तपासावे तेव्हा एखादा कामाचा निघतो. तोही बऱ्याचदा आधीच कुणीतरी शोधलेला असतो.

१९६१ मध्ये तिरुमलाचार, मेनन आणि भट यांनी हॅमायसिनचा शोध जाहीर केला. कंपनीचं स्वतःचं शास्त्रीय नियतकालिक होतं, 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन'. त्यातच तो छापून आला. औषधाचं नाव वाचताच कंपनीची इंग्रजी आद्याक्षरं डोळ्यांपुढे येतात. ज्या जंतूनं हे औषध दिलं, त्याचं नामकरण झालं 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. नदीकाठचं एक छोटं गाव जगाच्या जंतुशास्त्रात असं कायमचं नोंदलं गेलं.

हॅमायसिन हे निस्टॅटिन आणि अँफोटेरिसिनच्या नात्यातलं. काम करायची रीतही तीच. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. माणसाच्या पेशीत त्याऐवजी कोलेस्टेरॉल असतं. औषध एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतं, पडद्याला भोकं पडतात, पेशीतला ऐवज बाहेर गळतो आणि बुरशी मरते. कोलेस्टेरॉलला ते कमी चिकटतं म्हणून माणूस वाचतो. पण अजिबात चिकटत नाही असंही नाही. या घराण्यातली औषधं पोटात किंवा शिरेतून द्यायची म्हटलं की डॉक्टर जपून असतात, ते त्यामुळे.

तोंडातली बुरशी, कानातली बुरशी, बायकांच्या अंगावरून जाण्याच्या तक्रारीतली बुरशी यांवर हॅमायसिन वापरात आलं. पावसाळ्यात कान खाजतो, ठणकतो, आत बुरा साचतो, हे दुखणं ग्रामीण भागात नवीन नाही. त्यावर याचे थेंब दिले जात. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी साठच्या दशकात ते तिथल्या फुप्फुसात आणि अंगभर पसरणाऱ्या बुरशीच्या रोगांवर रुग्णांना देऊन पाहिलं. पिंपरीत शोधलेलं औषध अमेरिकेतल्या रुग्णालयात तपासलं जात होतं, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

अनवाणी पायांचा रोग

तिरुमलाचार यांच्या चमूचं आणखी एक काम शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचं आहे. अनवाणी चालताना पायात बाभळीचा काटा मोडतो. काटा निघतो, पण मातीतली बुरशी आत राहते. दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, पाय सुजतो, गाठी येतात, छिद्रं पडतात आणि त्यातून पू आणि काळे किंवा पांढरे दाणे गळू लागतात. शेवटी हाड सडतं आणि पाय कापावा लागतो. मदुराईकडे आधी नोंद झाली म्हणून याला 'मदुरा फूट' म्हणतात.

या रोगाचा महाराष्ट्राशी जुना संबंध. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधले डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी १८६० च्या सुमारास हा बुरशीचा रोग आहे असं मांडलं आणि त्याला 'मायसेटोमा' हे नाव दिलं. हेच कार्टर पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते, आणि 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या जगप्रसिद्ध पुस्तकातली चित्रंही त्यांनीच काढलेली.

शंभर वर्षांनी हाच धागा पिंपरीत पुन्हा उचलला गेला. १९६२ मध्ये पाध्ये, सुकापुरे आणि तिरुमलाचार यांनी मदुरा फूट करणाऱ्या एका नव्या बुरशीची नोंद केली आणि तिचं नाव 'सेफॅलोस्पोरियम मदुरी' ठेवलं. काळे दाणे करणारी मुख्य बुरशी 'मदुरेला' ही भारताच्या मातीत राहते, हे १९६८ मध्ये तिरुमलाचार आणि पाध्ये यांनी ती मातीतून वेगळी काढून दाखवलं. पाध्ये पुढे अमेरिकेतल्या अटलांटाच्या रोग नियंत्रण केंद्रात बुरशीरोगांचे तज्ज्ञ म्हणून नावाजले. रोगाची बुरशी मातीत आहे हे सिद्ध झालं की उपायही सोपा होतो : शेतात चप्पल-बूट घाला. पण तो उपाय परवडायला हवा आणि पाळायलाही हवा. जागतिक आरोग्य संघटनेनं मायसेटोमा दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतला तो थेट २०१६ मध्ये.

माणसानंतर पुन्हा पीक

१९६२ मध्ये डर्मोस्टॅटिन आलं. नावातच त्वचा आहे. १९६४ मध्ये आलं ऑरिओफंजिन, आणि हे औषध माणसाकडून पुन्हा शेताकडे वळलं. झाडाच्या अंगात ते शोषलं जातं, म्हणून लिंबूवर्गीय झाडांचा डिंक्या, द्राक्षावरचा केवडा, सफरचंदावरची भुरी, भातावरचा करपा अशा रोगांवर ते वापरलं गेलं. मातीतून निघालेलं औषध परत मातीतल्या पिकाला, अशी ही फेरी. कंपनीचं स्ट्रेप्टोसायक्लिन तर डाळिंबाच्या तेल्याशी झुंजणाऱ्या बागायतदाराला तोंडपाठ आहे.

१९६८ च्या सुमारास अँटिअमिबिन हे आवेच्या जंतूंवरचं द्रव्य त्यांनी शोधलं. ते देणाऱ्या बुरशींची नावं होती 'एमेरिसेलॉप्सिस पूनेन्सिस' आणि 'सेफॅलोस्पोरियम पिंप्रिना'. पुन्हा पुणे, पुन्हा पिंपरी. शास्त्रज्ञ आपल्या शोधाला गुरूचं, मित्राचं नाव देतात. तिरुमलाचार यांनी तेही केलं, आणि जिथलं मीठ खाल्लं त्या गावाचंही नाव दिलं.

१९६७ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. डॉ. स्वामिनाथन यांच्यासारख्यांच्या रांगेतला हा मान विद्यापीठात नव्हे, तर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला मिळाला होता. १९७५ मध्ये ते निवृत्त झाले, नंतर अमेरिकेला गेले आणि कॅलिफोर्नियात जीरसन्निधी-अँडरसन ही संशोधन संस्था उभी करण्यात सहभागी झाले. २१ एप्रिल १९९९ रोजी त्यांचं निधन झालं.

काय उरलं?

हॅमायसिन जगभर पसरलं नाही, हे खरं आहे. पोटातून घेतलं तर ते रक्तात नीट उतरत नसे, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकात फ्लुकोनाझोलसारख्या सोप्या गोळ्या आल्या. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचीही घडी नव्वदीच्या दशकात विस्कटली आणि कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत गेली. संशोधनाचा तो जोर पुन्हा दिसला नाही.

पण बुरशी कुठे गेलेली नाही. २०२१ मध्ये कोरोनापाठोपाठ काळ्या बुरशीनं महाराष्ट्रात हाहाकार केला, तेव्हा नातेवाईक ज्या अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी दारोदार फिरत होते, ते हॅमायसिनच्या घराण्यातलंच औषध. गजकर्ण पूर्वी साध्या मलमानं जायचं, आता महिनोन्महिने हटत नाही. 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' या नावानं २०२० मध्ये ओळखली गेलेली बुरशी नेहमीच्या टर्बिनाफिनला दाद देत नाही. स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब दुकानातून परस्पर आणून चोळली की खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं घातक बुरशींची पहिली यादी काढली, त्यात मदुरा फूटच्या बुरशीही आहेत.

शेतातही तोच प्रश्न. फवारणीत अँटिबायोटिक वापरलं की मातीतले जंतू त्याला सरावतात, ही काळजी वाढली आहे. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन शेतीतून बंद करण्याचा मसुदा केंद्रानं २०२१ मध्ये काढला, तो यासाठीच.

म्हणून तिरुमलाचार यांच्या कामातून आजही उचलण्यासारखं बरंच आहे. अनवाणी शेतात जाऊ नये. पायावरची न दुखणारी गाठ डॉक्टरांना दाखवावी. गजकर्णावर मनानं ट्यूब लावू नये, आणि अँटिबायोटिक, माणसाला असो की डाळिंबाला, गरजेपुरतंच वापरावं. राहिली गोष्ट नव्या औषधांची. ज्या मातीनं साठ वर्षांपूर्वी औषध दिलं, तिच्यातलीच बरीचशी आता काँक्रीटखाली गेली आहे. उरलेली मावळ, खेड, मुळशीच्या शेतात अजून उघडी आहे. तिची चिमूट काचेच्या बशीत पसरून धीरानं वाट बघणारी माणसं आणि त्यांना पगार देणारी प्रयोगशाळा तेवढी हवी.